पोलिसालाही विचारतात, आरोपीलाही विचारतात: व्हिएन्नाच्या एफआरएचे रिपोर्ट

युरोपियन युनियनची एक एजन्सी आहे, ऑस्ट्रियात व्हिएन्नाला तिचं ऑफिस, नाव फंडामेंटल राइट्स एजन्सी, सगळे एफआरए म्हणतात. तिचे रिपोर्ट वेबसाइटवर फुकट मिळतात, पीडीएफ डाऊनलोड करायची आणि वाचत बसायचं. मी फौजदारी कोर्टात वकिली करते, लीगल एडच्या, म्हणजे सरकारी मोफत कायदेशीर मदतीच्या, केसेस त्यात बऱ्याच, आणि संशयित-आरोपींच्या हक्कांवरचे यांचे चार मोठे रिपोर्ट वाचून काढलेत. मराठीत यावर कोणी लिहिलेलं मला तरी सापडलं नाही, आणि वकील, लॉची पोरं, संस्थांमध्ये काम करणारे यांना याचा खरंच उपयोग होईल असं वाटतं म्हणून हा रिव्ह्यू.

बॅकग्राऊंड पटकन सांगते. एफआरए 2007 ला सुरू झाली. 2009 ला युरोपियन युनियनने ठरवलं की संशयितांचे हक्क टप्प्याटप्प्याने कायद्यात आणायचे, आणि 2010 ते 2016 मध्ये सहा डायरेक्टिव्ह, म्हणजे मेंबर देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचे युनियनचे नियम, आले: दुभाषा आणि भाषांतर, हक्कांची माहिती, वकील मिळणं, निर्दोष मानलं जाणं, अल्पवयीन आरोपी आणि लीगल एड. कागदावर सगळं आलं. पण रात्री उशिरा पकडून आणलेल्या माणसाला ठाण्यात यातलं नक्की काय मिळतं? हे रिपोर्ट तो प्रश्न घेऊन बसतात आणि सोडत नाहीत.

काम कसं करतात ते जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते खरी किंमत तिथेच आहे. व्हिएन्नाची माणसं स्वतः देशोदेशी फिरत नाहीत. प्रत्येक मेंबर देशात त्यांनी टेंडर काढून एक संशोधन करणारी टीम नेमलेली असते, कुठे युनिव्हर्सिटी, कुठे मानवी हक्कांवर काम करणारी संस्था, या सगळ्या जाळ्याला फ्रॅनेट म्हणतात. सगळ्यांना प्रश्न तेच. आधी आपल्या देशाचा कायदा, नियम, कोर्टाचे निकाल गोळा करायचे, मग इंटरव्ह्यू घ्यायचे आणि ठरलेल्या साच्यात देशाचा रिपोर्ट लिहून पाठवायचा, मग व्हिएन्नात हे सगळं एकत्र लावून तुलना होते. प्रश्न तेच ठेवल्यामुळे ग्रीसचं उत्तर आणि नेदरलँड्सचं उत्तर समोरासमोर ठेवता येतं, नाहीतर प्रत्येक जण आपल्याला सोयीचं तेवढंच सांगणार.

आता 2019 चा रिपोर्ट, जो मला सगळ्यात जास्त आवडला. विषय वकील मिळण्याचा हक्क आणि युरोपियन अटक वॉरंट. देश आठ: ऑस्ट्रिया, बल्गेरिया, डेन्मार्क, फ्रान्स, ग्रीस, नेदरलँड्स, पोलंड, रोमानिया. अडीचशेच्या वर इंटरव्ह्यू, आणि ते कोणाचे हे बघा: जज, सरकारी वकील, पोलिस, बचावाचे वकील, कोठड्यांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थांची माणसं, आणि ज्यांच्यावर स्वतः केस झाली ती माणसं. या शेवटच्या गटाला शोधून काढायचं, बोलतं करायचं, नाव गुप्त ठेवायचं, हे किती किचकट काम आहे ते या फील्डमधल्या कोणालाही विचारा. आपल्याकडे आरोपीच्या हक्कांवरचा सेमिनार असला की स्टेजवर जज, अधिकारी, प्रोफेसर सगळे असतात, ज्याने रात्र लॉकअपमध्ये काढली तो मात्र कधीच नसतो.

रिपोर्टमध्ये प्रत्येकाचं बोलणं त्याच्याच शब्दांत दिलंय आणि खाली ओळख फक्त वकील, पोलिस, आरोपी आणि देश एवढीच. एकाच क्षणाबद्दल दोघांनाही विचारलंय, पकडल्यावर हक्क सांगितले का, कधी सांगितले, कसे सांगितले. पोलिस साधारण म्हणतात सांगितले. आरोपींपैकी बरेच जण म्हणतात घाईघाईत काहीतरी म्हटलं, समजलं नाही, किंवा कागद हातात आला पण तो कायद्याच्या भाषेत. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असू शकतात! सांगणाऱ्याने सांगितलं आणि ऐकणाऱ्यापर्यंत पोचलं नाही, हेच तर कळायला हवं होतं, आणि नुसता पोलिसांचा रेकॉर्ड तपासला असता तर हे कधीच कळलं नसतं कारण रेकॉर्डवर सही असतेच.

हे वाचताना मला आमच्या कोर्टाचा व्हरांडा आठवत राहिला. रिमांडला आणलेल्या माणसाला मी विचारते, अटकेच्या कागदावर सही तुमचीच ना, वाचून दाखवलं होतं का? उत्तर बहुतेक वेळा एकच, "ताई, सही करा म्हणाले, केली." कागद अगदी व्यवस्थित असतो, वेळ, तारीख, नातेवाईकाला कळवल्याची नोंद, सगळं जागच्या जागी. सुप्रीम कोर्टाचा डी. के. बसू निकाल 1996 चा, तेव्हापासून अटकेचा मेमो आणि नातेवाईकाला कळवणं हे ठरलेलं आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्रातूनच वर गेलेल्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अटकेची कारणं लेखी द्या आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्या. फार चांगला निकाल. पण आता तालुक्याच्या ठाण्यात तो कागद कोणत्या भाषेत निघतो, पारधी वस्तीतल्या किंवा ओडिशातून कामाला आलेल्या माणसाला तो समजतो का, हे कोण जाऊन विचारणार? युरोपात ते विचारायला एक यंत्रणा आहे, मला हेवा वाटतो तो याचा.

अजून एक गोष्ट या रिपोर्टने फार नेमकी पकडलीय. वकील यायच्या आधी, गाडीत, ठाण्याच्या पॅसेजमध्ये पोलिस सहज बोलल्यासारखे प्रश्न विचारतात, किंवा माणसाला आधी साक्षीदार म्हणून बोलावतात आणि बोलता बोलता तो संशयित होतो, तोपर्यंत हक्क सांगायची वेळच आलेली नसते. डायरेक्टिव्ह म्हणतो चौकशीच्या आधी वकील. मग चौकशी सुरू कधी झाली धरायची? सगळी मेख तिथे आहे. आपल्याकडे "जरा चौकीवर येऊन जा" म्हणून जो माणूस जातो त्याची परिस्थिती काही वेगळी नाही. वकिलाशी खासगीत बोलायला जागा नसणं, व्हरांड्यात पोलिस शेजारी उभा असताना काय ते उरकणं, हेही त्यात आहे.

अटक वॉरंटचा भाग आपल्याला लांबचा वाटेल पण वाचा. एका देशाने काढलेल्या वॉरंटवर दुसऱ्या देशात पकडलेल्या माणसाला दोन्हीकडे वकील घ्यायचा हक्क आहे, आणि प्रत्यक्षात वॉरंट काढणाऱ्या देशातल्या वकिलाचं कोणी धड सांगतच नाही असं दिसतं.

2016 चा रिपोर्ट भाषांतर, दुभाषा आणि माहितीच्या हक्कावर, तेव्हाच्या सगळ्या 28 देशांचा. यात कायदा आणि व्यवस्थेची तपासणी जास्त, माणसांचे आवाज कमी, त्यामुळे जरा कोरडा आहे. पण एक मुद्दा डोक्यातून जात नाही, पोलिसांनी आणलेला दुभाषाच आरोपी आणि त्याच्या वकिलाच्या बोलण्यालाही बसवला तर गुप्तता कुठे राहिली? आणि लेटर ऑफ राइट्स, म्हणजे हक्कांचं लेखी पत्र, ते कोठडीत असेपर्यंत स्वतःजवळ ठेवायचा हक्क डायरेक्टिव्हमध्येच लिहिलाय. हे आपल्याकडे मराठीत एका पानावर, मोठ्या अक्षरात सुरू झालं तर किती फरक पडेल.

2021 चा रिपोर्ट निर्दोष मानलं जाण्यावर, नऊ देश, 120 च्या वर इंटरव्ह्यू. यात पत्रकारांनाही विचारलंय हे फार आवडलं. बेड्या घालून कॅमेऱ्यासमोरून नेणं, तपासातली माहिती बाहेर फुटणं, कोर्टात काचेच्या पेटीत बसवणं, यावर पोलिस काय म्हणतात, जज काय म्हणतात, बातमी देणारे काय म्हणतात. इथे मात्र मोठी उणीव आहे, आरोपींना स्वतःला विचारलेलं नाही, सगळं प्रोफेशनल लोकांच्या नजरेतून, आणि 2019 चा वाचून हा हातात घेतला की ते लगेच जाणवतं.

2022 चा अल्पवयीन आरोपींवरचा. परत नऊ देश, आणि मुलांनाही विचारलंय. पालकांना कळवलं का, समजेल असं सांगितलं का, चौकशीचं रेकॉर्डिंग झालं का, मुलाच्या परिस्थितीची वेगळी तपासणी झाली का. बाल न्याय मंडळात काम करणाऱ्यांनी तर हा वाचलाच पाहिजे.

आता जे खटकलं ते. एक तर इंटरव्ह्यू एका देशात विभागले की मोजकेच उरतात, म्हणजे पोलंडमध्ये इतके टक्के आरोपींना वकील मिळत नाही असं यातून काढता येत नाही. ते स्वतःही तसा दावा करत नाहीत, पण बातम्या देणारे करतात. दुसरं म्हणजे हे सगळं माणसांनी आठवून सांगितलेलं आहे, ठाण्यात बसून पाहिलेलं नाही. भाषा बऱ्याच ठिकाणी सरकारी आणि जड, एकच गोष्ट सुरुवातीच्या सारांशात, मग शिफारशीत, मग चॅप्टरमध्ये, तीनदा वाचावी लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एफआरए एकट्यादुकट्याची तक्रार घेत नाही, तिची मतं कोणावर बंधनकारक नाहीत. 2022 पर्यंत तर तिच्या मूळ नियमात फौजदारी प्रकरणातलं पोलिस आणि न्यायालयीन सहकार्य नीट धरलेलंच नव्हतं, आधीचं काम युरोपियन कमिशनने, म्हणजे युनियनच्या कार्यकारी यंत्रणेने, मागितलं म्हणून झालं.

आपला राष्ट्रीय मानवी हक्क आयोग 1993 च्या कायद्याने आला, तो तक्रारी घेतो, कोठडीत मृत्यू झाला तर 24 तासांत त्याला कळवावं लागतं. म्हणजे जिथे एफआरएचे हात बांधलेले तिथे आपल्या आयोगाला वाव आहे. संशोधन करणं हेही त्या कायद्यात आयोगाचं काम म्हणून लिहिलेलं आहे. मग पोलिस, वकील, जज आणि आरोपी या सगळ्यांना एकच प्रश्नावली घेऊन राज्याराज्यांत का विचारू नये? तक्रार येते ती बहुतेक वेळा सगळं घडून गेल्यावर, आणि ज्याला आपला हक्क काय हेच माहीत नाही तो तक्रार कसली करणार.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला तो जड भाषेसाठी आणि 2021 मध्ये आरोपी वगळल्याबद्दल. सुरुवात 2019 च्या रिपोर्टने करा, त्यातही आधी हक्कांची माहिती देण्याचा चॅप्टर. सारांश सोडून सरळ इंटरव्ह्यूंच्या भागावर या. लॉच्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक देशाचे वेगळे रिपोर्टही उघडून बघावेत, तेही फुकट आहेत, आणि डिझर्टेशनसाठी प्रश्नावली कशी बांधायची हे शिकायला मला तरी याहून चांगलं काही मिळालेलं नाही. लीगल एडला बसणाऱ्यांनी त्यातले आरोपींना विचारलेले प्रश्न मराठीत लिहून काढा आणि पुढच्या रिमांडच्या दिवशी आपल्या पक्षकाराला विचारून बघा, मी तसं करायला लागलेय.