म्हापशातला पायथनचा क्लास: सर घ्या, नोट्स नको

डिचोलीला माझं हार्डवेअरचं दुकान आहे. बिलं स्वतःच्या प्रोग्रामने छापायची या हट्टापायी म्हापशातल्या पायथनच्या (ही प्रोग्राम लिहायची भाषा) एका क्लासला सहा रविवार घातले. फी साडेतीन हजार. ती भरायला मात्र शुक्रवारी बोलावलं. बाजाराच्या दिवशी म्हापशात गाडी कुठे लावायची, हेही त्यांनीच सांगायला हवं होतं.

सर माझ्या पोराच्या वयाचे. कोकणीतून बोलायचे, त्यामुळे माझं निम्मं दडपण तिथेच उतरलं. दुसऱ्या रविवारी त्यांनी फळा पुसला आणि म्हणाले, "काका, तुमच्याच दुकानातला माल टाइप करा." मी 3/4" पाईप लिहिला. एरर! इंचाची खूण म्हणजे कीबोर्डवरचं दुहेरी अवतरणच. पायथनमध्ये मजकूर अवतरणांच्या आत लिहायचा, त्यामुळे त्याला वाटलं, मजकूर इथेच संपला. बाहेरून एकेरी अवतरण लावून मी सुटलो. "आता त्याची लांबी लिहा, 10'." झालं, फुटाच्या खुणेने ती पळवाटही बंद केली. मग \" आणि \' आले. आधी उलटी तिरकी रेघ दिली की पुढची खूण मुकाट्याने छापली जाते. यालाच एस्केप कॅरेक्टर म्हणतात, हे नाव त्यांनी शेवटी सांगितलं. मला ही पद्धत फार आवडली.

घरी मात्र फसलो. नळांच्या यादीचं फोल्डर इंग्रजी छोट्या एनपासून (n) सुरू होणारं. फाइलच्या पत्त्यात फोल्डरच्या नावाआधी हीच उलटी रेघ येते. रेघेपुढे एन आला की पायथन तिथे नवी ओळ मानतो, आणि फाइल काही उघडेना. रेघ दोनदा, \\ अशी दिली, मग उघडली.

हे नोट्समध्ये असेल म्हणून पाहिलं. "नव्या ओळीसाठी", आणि पुढे \n च्या जागी ओळच मोडलेली! नोट्स बहुतेक प्रोग्राममधूनच छापल्या असाव्यात आणि तिथे रेघ दोनदा द्यायची राहिली असावी. टॅबच्या (ओळीत मोठी जागा सोडणाऱ्या) खुणेच्या जागीही नुसती मोकळी जागा. ज्या पानावर एस्केप शिकायचं, त्याच पानावरून चिन्हं गायब.

₹ चं उत्तरही उशिरा मिळालं. हे चिन्ह 2010 सालचं. स्क्रीनवर व्यवस्थित दिसायचं, माझ्या बिलाच्या प्रिंटरवर प्रश्नचिन्ह. तीन रविवार मी वेगवेगळे एस्केप कोड घालत बसलो. शेवटी सर म्हणाले, प्रिंटरकडे ते अक्षरच नाही, तिथे कोड काय करणार? आता 'रु.' छापतो.

दुकानदारांनी जरूर जावं. आपल्या मालाची यादी सोबत न्या. नोट्सचे 250 रुपये वेगळे मागतात, तेवढे देऊ नका.