पस्तीस वर्षं बिनागिअरची चालवली, आता ही

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवशी सकाळी विजेची मोटारसायकल घरी आणली. हिरवी नंबरप्लेट बघून शेजारचे अण्णा फाटकाशी आले. चारी बाजूंनी फिरून झाल्यावर म्हणाले, "साहेब, क्लच नाही, गिअर नाही. एकसष्टाव्या वर्षी नवीन शिकायला जमेल का?" म्हटलं, अण्णा, मी पस्तीस वर्षं बिनागिअरचीच चालवली. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

मी भुसावळचा, रेल्वेतून लोको पायलट म्हणून निवृत्त झालो. आगगाडीच्या आमच्या इंजिनांना गिअरबॉक्स नसतो, हे घरच्यांनाही पटवून द्यावं लागतं. मालगाडीच्या विजेच्या इंजिनाला, डब्ल्यूएजी-७ ला, व्होल्टेज बदलणारा टॅप चेंजर आणि त्याच्या ३२ नॉच, म्हणजे पायऱ्या. नॉच घेत गेलं की मोटरींना व्होल्टेज वाढत जातं, चाकाचे दाते मात्र तेच राहतात. डिझेल इंजिनातसुद्धा डिझेल जनरेटर फिरवतं आणि चाक फिरवते विजेची मोटर. कारण सोपं आहे. पेट्रोल-डिझेलचं इंजिन थांबलं की त्यात ताकदच नसते, ते आधी फिरत ठेवावं लागतं आणि मग क्लच सोडत सोडत चाकाला जोडावं लागतं. विजेची मोटर उभ्या जागेवरून पूर्ण जोर लावते. म्हणून मालगाडी हलते, आणि म्हणून ही मोटारसायकलही क्लचशिवाय हलते.

घ्यायचं कारण मात्र एवढं शास्त्रीय नव्हतं. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखणं आहे, आणि २००६ च्या स्प्लेंडरचा क्लच गावात शंभरदा दाबून रात्री हात शेकत बसावं लागायचं. डॉक्टर म्हणाले, स्कूटर घ्या. स्कूटरवर मला बसल्यासारखं वाटत नाही. मांडीत टाकी पाहिजे. पुण्याहून मुलाने होंडाच्या डीसीटीचे, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारसायकलींचे, व्हिडिओ पाठवले: दोन क्लच, एक १-३-५ सांभाळतो, दुसरा २-४-६, पुढचा गिअर आधीच तयार. २०१० पासून, व्हीएफआर१२००एफ या मोटारसायकलपासून ते हे बनवतात. बघायला फार छान. किंमत बघून मोबाईल ठेवून दिला. शेवटी दीड लाखाच्या आतबाहेर येणारी ही विजेची घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढे थोडं रडगाणंही आहे.

आता चालवण्याविषयी. पहिली गोष्ट म्हणजे डावा हात. या गाडीत डाव्या मुठीला मागचा ब्रेक आहे. चाळीस वर्षांची सवय अशी की थांबायचं म्हटलं की चार बोटं आपोआप डावा लिव्हर पूर्ण आवळतात. पहिल्याच दिवशी नाहाटा चौफुलीला रिक्षा आडवी आली, मी सवयीने "क्लच" दाबला आणि मागचं चाक जाम. गाडी वाळूवरून फूटभर तिरकी सरकली. मागून केळीची हातगाडी येत होती, तो पोरगा शिव्या न देता नुसता बघत राहिला, ते जास्त लागलं. त्यानंतर आठ दिवस सकाळी सहाला रेल्वे कॉलनीच्या मोकळ्या रस्त्यावर जाऊन नुसतं थांबायचा सराव केला. वीसदा पळवायची, वीसदा उजव्या हाताने थांबवायची. ज्यांचा हात गिअरच्या गाडीवर बसलाय त्यांनी हे कराच. आणि गाडी कोणाला "एक चक्कर मारून बघ" म्हणून देऊ नका. मी मेव्हण्यालाही दिली नाही, तो आठवडाभर फुगून होता.

डावा पाय तर अजून बेरोजगार आहे. वीस-पंचवीसचा वेग झाला की पंजा खाली जातो, काही सापडत नाही, परत येतो.

पण एकदा हे अंगवळणी पडलं की सुख आहे. मागे बसणारीला विचारा. स्प्लेंडरवर प्रत्येक गिअरला आमच्या मंडळींचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टक्क आदळायचं. जळगावपर्यंत किती टकटक व्हायची ते मोजलेलं नाही. आता एकदाही नाही. गाडी दोरीने ओढल्यासारखी एका दमात वेग घेते. भाजी बाजारातल्या गर्दीत पायी चालायच्या वेगाने अर्धा तास फिरवली तरी अंगठा दुखत नाही, आणि इंजिन तापून पोटऱ्या भाजत नाहीत. भुसावळच्या मे महिन्यात याची किंमत काय ते बाहेरच्याला कळणार नाही.

मूठ सोडली की गाडी हलकेच मागे खेचल्यासारखी मंदावते, मोटर उलटी जनरेटर होऊन थोडा करंट बॅटरीत भरते. हे मला ओळखीचं. आमच्या डब्ल्यूएजी-९ इंजिनामध्येही असंच असतं, फक्त तिथे करंट वरच्या तारेत परत जातो आणि पुढची दुसरी गाडी तो वापरते. इथे एक गंमत आहे. बॅटरी शंभर टक्के भरलेली असली की हा खेच मिळतच नाही, करंट ठेवायला जागा नसते. त्यामुळे चार्ज करून निघाल्यावर पहिले दोन-तीन किलोमीटर गाडी जास्त घरंगळते. शोरूममध्ये हे कोणी सांगितलं नाही. मला कळलं ते उड्डाणपूल उतरताना.

उतारावर लावायचीही पंचाईत. गिअरची गाडी पहिल्यात टाकून उभी करता येते, ही चाक मोकळं ठेवून उभी राहते. आमच्या गल्लीला उतार आहे. यार्डात उभ्या डब्यांच्या चाकाखाली लाकडी वेज ठोकायचे, तसा मी अर्धी वीट ठेवतो. मंडळी म्हणतात, दीड लाखाची गाडी आणि विटेवर उभी, विठोबासारखी.

आणि किल्ली. गाडी चालू आहे की बंद, हे आवाजावरून कळतच नाही. नातवाने अंगणात बसल्याबसल्या मूठ पिळली आणि गाडी तुळशीवृंदावनाला जाऊन भिडली. कठडा टवका उडण्यावर निभावला. इंजिनातून उतरताना बी.एल. किल्ली (इंजिनाची चावी) खिशात, हा आमचा धर्म होता. तोच आता घरात लागू केला आहे.

किती चालते, हा प्रश्न पानटपरीपासून लग्नापर्यंत सगळे विचारतात. कागदावर १५० किलोमीटर. गावात, एकट्याने, चाळीसच्या वेगाने मला १०० ते १०५ मिळतात. हायवेला साठ धरला तर ८५ ते ९०. हे आकडे लक्षात न घेता मी जूनमध्ये बहिणीकडे अमळनेरला निघालो. भुसावळहून जळगाव-धरणगावमार्गे एकूण साधारण ऐंशी किलोमीटर. जळगावपर्यंत रुबाबात गेलो. धरणगावला बघतो तर ३८ टक्के. तिथून पुढे चाळीसच्या वर गेलो नाही. केळीचे ट्रक, उसाचे ट्रॅक्टर, एक बैलगाडी सोडून सगळे मला मागे टाकून गेले. बहिणीच्या दारात १३ टक्के. चार्जरची पेटी काढली आणि लाईट गेली.

तिचा नातू गाडीभोवती फिरत म्हणाला, "आजोबा, हाई गाडीना आवाज काबर येत नही?" म्हटलं, तिचा जीव गेलाय म्हणून. रात्री नऊला लाईट आली, म्हणजे मुक्काम आलाच. बहीण खूश. शेवभाजी झाली, कळण्याची भाकरी झाली. स्प्लेंडरवर गेलो असतो तर चहा पिऊन परत निघालो असतो, हेही खरं.

घरी १५ अँपिअरच्या प्लगवर रिकामी बॅटरी साडेचार तासांत भरते. महिन्याला सहाशे किलोमीटर होतात, बिलात पंचवीस-तीस युनिट वाढले. एवढ्यालाच स्प्लेंडर अकरा लिटर पेट्रोल प्यायची. भर उन्हात बामणोदहून वांगी घेऊन आलो (भरीत हिवाळ्यात, हे मलाही माहीत आहे, पण पाहुणे पुण्याचे होते) आणि लगेच चार्जर लावला, तर लाल दिवा. बॅटरी गार होईपर्यंत ती करंट घेतच नाही. चाळीस मिनिटं सावलीत ठेवली, मग हिरवा झाला. पाहुणे म्हणाले, बिघडली. बिघडली नव्हती, बॅटरीला जपायचीच ती सोय आहे. उन्हाळ्यात मी आता रात्री दहानंतरच लावतो.

रडगाणं सर्व्हिसचं. दुसऱ्या महिन्यात साइड स्टँडचा सेन्सर गेला. स्टँड वर असूनही गाडी समजते खाली आहे, आणि जागची हलत नाही. गल्लीतला आमचा मेकॅनिक, ज्याने स्प्लेंडर दोनदा खोलून बसवली, हात मागे बांधून उभा. "यात माझं काही चालत नाही काका." जळगावला फोन केला, पार्ट बाहेरून येणार. अकरा दिवस लागले. पार्ट बोटाएवढा. तोवर गाडी अंगणात झाकून, आणि अण्णा रोज विचारायचे, चार्ज होतेय का?

पावसात अजून तरी त्रास नाही. हतनूरच्या बाजूला पाणी साचलेल्या रस्त्याने नेली, चालली. साडीगार्ड बरा आहे, बाजूचं पायदान आखूड. हॉर्न मात्र सायकलच्या घंटीपेक्षा थोडा बरा, आणि गाडीला आवाज नसल्यावर तोच तर जोरात पाहिजे होता. कॉलनीतली कुत्री आता मी अगदी जवळ गेल्यावर दचकून उठतात.

स्प्लेंडर विकायला काढली होती. अमळनेरनंतर गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं. परवा श्रावणी सोमवारी मनुदेवीला जायचं म्हणून तीन महिन्यांनी तिच्यावर बसलो. मंडळी मागे, नारळाची पिशवी हँडलला. किक मारली, पहिला टाकला, आणि क्लच दाबायचाच विसरलो. गाडीने एक उडी मारली आणि फाटकातच बंद पडली. मागून हेल्मेट टक्क.

"आता हिचा सराव कॉलनीत करा," मंडळी म्हणाल्या.