तुलनेचे प्रश्न: नियम पाठ करावेत की पेपर सोडवावेत?

इंदूरच्या भंवरकुआं भागात क्लासला जाणारी भाची परवा रामबागेत माझ्या घरी आली नि म्हणाली, "मावशी, इंग्रजी वाक्यातली तुलनेची चूक शोधायच्या प्रश्नांसाठी नियम पाठ करू की जुने पेपर सोडवू?"

वेळ बघितला तर नियम स्वस्त पडतात. सीनियर, ज्युनियर, प्रिफर यांच्यानंतर 'दॅन' नाही, 'टू'. 'मोर बेटर' कधीच नाही. एका संध्याकाळचं काम.

पण चूक पकडायला कान लागतो, आणि आपला कान मराठी. 'द पॉप्युलेशन ऑफ इंदूर इज लार्जर दॅन ग्वाल्हेर' हे तिला बरोबरच वाटलं. वाटणारच, 'इंदूरची लोकसंख्या ग्वाल्हेरपेक्षा जास्त' हे मराठीत अगदी सहज चालतं. इंग्रजीत मात्र लोकसंख्येची तुलना थेट शहराशी झाली. तिथे 'दॅन दॅट ऑफ ग्वाल्हेर' हवं. हा नियम तिच्या वहीत लाल शाईने लिहिलेला होता, तरी सुटला. असे पंधरा-वीस प्रश्न चुकले की मगच नजर 'दॅन'च्या दोन्ही बाजू तपासायला लागते, आणि ती सवय टिकते.

परीक्षा आठवड्यावर आली असेल तर नियमच घे, बाळा. दोन-तीन महिने हातात असतील तर रोज दहा प्रश्न सोडव आणि प्रत्येक चुकीशेजारी त्याचं मराठी वाक्य लिही.