एडी८२३२चं ईसीजी बोर्ड: घ्यायचं ते तिसऱ्या वायरसाठी

ठोके स्क्रीनवर नाचताना बघायची हौस एडी८२३२ चिपचं हे छोटं बोर्ड भागवतंच. मी मात्र ते प्रॅक्टिकलला फीडबॅक, म्हणजे आउटपुट परत इनपुटकडे वळवणं, दाखवायला वापरते.

दोन इलेक्ट्रोडमधला फरक चिप १०० पटीने वाढवते. तिसऱ्याला, उजव्या पायाच्या इलेक्ट्रोडला, मुलं हमखास ग्राउंड म्हणतात. खरं तर आसपासच्या वायरिंगमुळे अंगावर जो ५० हर्ट्झचा कॉमन मोड (दोन्ही इलेक्ट्रोडवर सारखाच येणारा) व्होल्टेज चढतो, तो चिप मोजते, उलटा करते आणि याच वायरने परत अंगात सोडते. शरीर स्वतःच फीडबॅक लूपचा भाग होतं. पटत नसेल तर चालू बोर्डवर ती एकच वायर काढा. पॅड निसटल्याचं कळवणाऱ्या दोन्ही लीड-ऑफ पिना एकदम हाय होतात, कारण १० मेगओहमचे पुल-अप रेझिस्टर दोन्ही इनपुट पॉझिटिव्ह रेलकडे, म्हणजे सप्लायच्या धन टोकाकडे, ओढतात आणि शरीराला मधल्या व्होल्टेजवर धरणारं कोणी उरत नाही. नेमका कुठला पॅड निसटला, हे मात्र अशा वेळी बोर्ड सांगू शकत नाही.

पॅड परत लावल्यावर ट्रेस, म्हणजे स्क्रीनवरची रेघ, चटकन जागेवर येतो. फास्ट रिस्टोअरची ही सोय मला फार आवडली.

संरक्षणाचं काम अर्धंच केलंय. पायाच्या वायरला ३६० किलोओहमचा रेझिस्टर आहे, त्यामुळे अँप्लिफायर बिघडून आउटपुट ३.३ व्होल्टला चिकटलं तरी अंगातून जेमतेम ९ मायक्रोअँपिअर जातील. भागाकार मुलांकडूनच करून घ्यावा. इनपुटला १८० किलोओहम आहेत, पण जादा व्होल्टेज अडवणारे बाहेरचे क्लॅम्प डायोड नाहीत. स्वतः लावणार असाल तर कमी गळतीचे, बीएव्ही१९९सारखे घ्या. १ नॅनोअँपिअर गळतीसुद्धा १८० किलोओहमवर ०.१८ मिलिव्होल्ट पाडते, शिवाय ती तापमानाबरोबर हलते. आणि आपला सिग्नलच १ मिलिव्होल्टच्या घरातला!

आयसोलेशन, म्हणजे घरच्या विजेपासून अंगाला वेगळं ठेवणारी सोय, तर नाहीच. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असेल तर मी कोणाच्या अंगाला पॅड लावू देत नाही, मग कितीही घाई असो. निदानासाठी हे बोर्ड वापरायचा विचारही नको.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो हेडफोनसारख्या जॅकसाठी: केबल जरा हलली की ट्रेस उड्या मारतो, आणि मुलं बिघाड सर्किटमध्ये शोधत बसतात.