कोंबडा फोटोतच राहिला

नाशिकच्या माणसाला वाइनमध्ये कोणी गंडवावं ही तशी लाजिरवाणीच गोष्ट. आमच्या मामांची दिंडोरीला द्राक्षबाग आहे, त्यामुळे त्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून इतके दिवस गप्प होतो. पण परवा ओळखीतलं एक जोडपं इटलीला निघालं आणि त्यांच्या कागदावर फ्लोरेन्स, पोज्जीबोन्सी, सान जिमिन्यानो अशी आमचीच वाट दिसली, म्हणून लिहितोय.

ऑक्टोबर 2023. मी, बायको, मेहुणी आणि साडू असे चौघं. फ्लोरेन्सहून रेल्वेने पोज्जीबोन्सीला उतरलो. तिथून सान जिमिन्यानो जेमतेम बारा किलोमीटर, बसने अर्धा तास. वार मात्र रविवार, आणि रविवारी त्या बाजूला बस मोजक्याच. तिकीट आधी काढून ठेवलेलं बरं, हे कळेपर्यंत एक बस डोळ्यांदेखत गेली. पुढची बरीच उशिरा.

तेवढ्यात एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, बरं इंग्रजी, "नमस्ते" वगैरे. स्वतःच्या व्हॅनमधून सान जिमिन्यानो, मोंतेरिज्जोनी हे तटबंदीचं गाव, शिवाय "घरच्या" किआंती क्लासिकोच्या (त्या मुलखातली नावाजलेली लाल वाइन) तळघरात वाइन चाखणं, परत स्टेशनवर, चौघांचे 160 युरो. हिशेब केला, माणशी 40. महाग वाटलं नाही. इटलीतल्या परवानाधारक टॅक्स्या पांढऱ्या असतात, आत मीटर असतो, दारावर नगरपालिकेचा क्रमांक असतो. भाड्याच्या खासगी गाड्या आधी ठरवूनच घ्यायच्या असतात, त्यांना स्टेशनबाहेर उभं राहून गिऱ्हाईक उचलता येत नाही. हे सगळं आता माहीत आहे. तेव्हा व्हॅन करड्या रंगाची होती आणि आम्ही दमलेलो होतो.

सान जिमिन्यानोबद्दल मात्र तक्रार नाही. टेकडीवरचं तटबंदीचं गाव, लांबूनच बुरुज दिसायला लागतात. एके काळी तिथे 72 बुरुज होते म्हणतात, आता 14 उरलेत. श्रीमंत घराण्यांची एकमेकांवर कुरघोडी, तुझा उंच की माझा. सगळ्यात उंच तोर्रे ग्रोसा 54 मीटरचा, त्याच्या पायऱ्या चढताना साडूंनी दोनदा "आता खालीच थांबतो" म्हटलं आणि दोन्ही वेळा वर आले. 1348 च्या प्लेगने गाव खचलं, पाच वर्षांनी ते फ्लोरेन्सच्या हाताखाली गेलं. नवीन बांधायला पैसाच उरला नाही, म्हणून जुनं तसंच टिकलं. 1990 पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथली पांढरी वाइन व्हर्नाच्चा, इटलीत 1966 साली मूळस्थानाचा सरकारी दर्जा पहिल्यांदा मिळाला तो हिला. इटलीचा जुना महाकवी दान्ते, त्याने आपल्या काव्यात एका पोपला व्हर्नाच्चात मुरवलेल्या बाम माशांच्या हावरटपणापायी शुद्धिलोकात, म्हणजे मेल्यावर पापं फेडायच्या जागी, उपाशी ठेवलंय, म्हणजे नाव किती जुनं बघा.

गावात केशरही होतं. मध्ययुगात त्या व्यापारावर गाव पोसलं गेलं. सासूबाईंनी सांगितलं होतं म्हणून बायकोने एका दुकानात डबी उघडायला लावली, काड्या हातावर घेतल्या, वास घेतला, उजेडात धरल्या, डबीवरचा शिक्का वाचला, "पूड नको, अख्ख्या काड्याच" म्हणाली. दुकानदारीण कंटाळली, तरी हिने सोडलं नाही. हा प्रसंग मुद्दाम लिहितोय, कारण दोनच तासांनी हीच बाई गप्प बसली होती. आणि मीही.

व्हॅन खाली उतरली. मला वाटत होतं द्राक्षमळ्यांतून वर चढत जाऊ. ती गेली पोज्जीबोन्सीजवळच्या गोदामांच्या वस्तीत. व्हॅनवाला म्हणाला, "साठवण इथे, मळा वर." पत्र्याच्या शेडला दर्शनी बाजूने दगडी फरशी चिकटवलेली. आत लाकडी पिंपं, टेबल, आणि एक म्हातारी. ऐंशीच्या पुढची, एप्रन बांधलेली. माझी आई, म्हणून ओळख करून दिली. साडू शाकाहारी आहेत हे कळल्यावर म्हातारीने उठून त्यांच्यासाठी वेगळा पाव भाजला, टोमॅटो, लसूण, ऑलिव्ह तेल. बायकोच्या गालावरून हात फिरवला. मेहुणीचे डोळे पाणावले, तिची आजी आठवली.

वाइन उत्तम होती. ओतताना बाटली फिरवून दाखवली: गळ्यावर काळा कोंबडा. किआंती क्लासिकोची ती खूण. या मुलखाची हद्द फ्लोरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यातल्या कोझिमो तिसऱ्याने 1716 साली आखून दिली होती, ही माहितीही त्यानेच सांगितली, आणि ती खरी आहे. हीच गंमत, त्या माणसाने सांगितलेली एकही माहिती खोटी नव्हती. मेहुणीने त्या बाटलीचा जवळून फोटो काढला.

मग कळलं की चाखणं फुकट, पण खरेदी केली तर. नाहीतर माणशी 25. हे आधी का नाही सांगितलं, असं विचारायला तोंड उघडलं आणि समोर म्हातारी ताटल्या आवरताना दिसली. भीड भिकेची बहीण म्हणतात ती उगाच नाही. 38 युरोची एक, अशा सहा बाटल्या घ्यायचं ठरलं. भारतात माणशी दोन लिटर दारू जकातीविना आणता येते, सहा बाटल्या म्हणजे साडेचार लिटर, चौघांत बसतंय, हेही मी हिशेबाने पाहिलं. एवढा शहाणा!

तो आतून सहा बाटल्यांचं खोकं घेऊन आला. पॅक केलेलं, चिकटपट्टी मारलेलं, "विमानासाठी खास". खोकं उघडून दाखवा म्हणायला चार शब्द पुरले असते. कार्ड मशीनवर युरो की रुपये असं आलं, तो म्हणाला, रुपये दाबा, तुम्हाला सोपं जाईल. दाबले. त्या दिवशी युरो 88 च्या आसपास होता, मशीनने 94 लावला. 228 युरोवर साडेतेराशे रुपये तिथेच गेले. मशीन कधीही विचारो, तिथलंच चलन दाबायचं.

मोंतेरिज्जोनी राहिलंच. "उशीर झाला," म्हणत त्याने हमरस्त्यावरूनच तटबंदी दाखवली. दान्तेला ते बुरुज खड्ड्याच्या काठावर उभ्या राक्षसांसारखे वाटले होते. आम्हाला ते ताशी ऐंशीच्या वेगाने काचेतून दिसले.

खोकं फुटलं नाशिकला, दिवाळीत. लेबलवर किल्ल्याचं झकास चित्र, सोनेरी अक्षरं. कोंबडा नाही. गळ्यावर क्रमांकाची पट्टीही नाही. वरच्या दर्जाच्या वाइनला तिथे सरकारी टांकसाळीत छापलेली पट्टी बुचावरून चिकटवलेली असते, बाटली उघडली की फाटते. मेहुणीने फोनमधला फोटो काढून शेजारी धरला. फोटोत कोंबडाही, पट्टीही. टेबलावर दोन्ही नाही. लेबलच्या तळाशी बारीक अक्षरात फक्त 'विनो रोस्सो', म्हणजे लाल वाइन. कुठल्या गावची, कुठल्या सालची, काही नाही. चव सांगत नाही, मामा वाचतील.

बँकेकडे तक्रार केली. त्यांनी पावती मागितली. पावती काढून पाहिली तर तिच्यावरही 'विनो रोस्सो, 6' एवढंच. म्हणजे जे विकलं तेच लिहिलेलं! पैसे परत आले नाहीत. पावतीवर वाइनचं पूर्ण नाव आणि साल लिहून मागितलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. त्याने लिहिलं नसतं, आणि आम्हालाही तिथेच कळलं असतं.

आता त्या जोडप्याला सांगितलंय की रविवार टाळा, तिकीट आधी घ्या, बसनेच जा, आणि वाइन हवी तर गावातल्याच दुकानातून खोक्याबाहेरची बाटली हातात घेऊन, गळा वाचून घ्या. बायको म्हणते, केशरासारखी घ्या.

साडू अजूनही एका गोष्टीवर अडून आहेत, पाव मात्र अप्रतिम होता. तो होताच. ती म्हातारी खरंच त्याची आई होती की तिलाही रोजावर आणून बसवली होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.