प्रिंटवर 1 कोटी, कंपनीच्या रेकॉर्डला 10 लाख: आयटीवाल्यांनो, पॉलिसी तपासा

परसोडीच्या आयटी पार्कात, मिहानमध्ये किंवा घरी बसून काँट्रॅक्टवर काम करणाऱ्या नागपूरच्या सगळ्यांसाठी लिहितोय. परदेशी क्लायंट हल्ली ‘प्रोफेशनल इंडेम्निटी’ विमा मागतात. आपल्या कामातल्या चुकीमुळे क्लायंटचं नुकसान झालं आणि त्याने दावा लावला, तर वकिलाचा खर्च आणि भरपाई या विम्यातून मिळते. ही गरज ओळखून लुबाडणारे आपल्या शहरात आहेत. मला असाच एक भेटला.

माझ्या क्लायंटची अट स्पष्ट होती: कव्हर किमान 1 कोटीचं, आणि दावा भारताबाहेरच्या कोर्टात गेला तरी चालणारं. ओळखीतून एक एजंट घरी आला. सगळं व्यवस्थित ऐकून घेतलं, लिहून घेतलं. जुन्या प्रोजेक्टचं काय, असं मी मुद्दाम विचारलं. “भाऊ, मागचं कामही याच्यात येते, तुम्ही टेन्शन नका घेऊ,” तो म्हणाला. प्रीमियम 50,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 9,000, असे एकूण 59,000 रुपये. कंपनीची पेमेंट लिंक अडकली आहे, आजच भरले नाहीत तर कोटेशन बदलेल, असं सांगून पैसे त्याने स्वतःच्या फर्मच्या खात्यात घेतले. चार-सहा दिवसांत पॉलिसीची रंगीत प्रिंट आणून दिली. मूळ फाइल मागितली तर व्हॉट्सॲपवर त्याच प्रिंटचं स्कॅन पाठवलं.

भांडं फुटलं ते जीएसटीमुळे. रिटर्न भरताना सीए म्हणाले, जीएसटीआर-2बी मध्ये (विक्रेत्यांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) विमा कंपनीचं बिल दिसतंय, पण त्यावर कर फक्त 1,800 आहे. कर 1,800 म्हणजे प्रीमियम 10,000. मी लगेच कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर पॉलिसी क्रमांक सांगितला. पॉलिसी खरी होती, माझ्याच नावाची होती. पण मर्यादा 10 लाख, दावे फक्त भारतातल्या कोर्टातले, आणि नोंदवलेला ईमेल व मोबाइल दोन्ही एजंटचे. म्हणून कंपनीकडून आलेली मूळ पॉलिसी माझ्यापर्यंत पोचलीच नाही.

मग प्रिंट उजेडात धरून पाहिली. 1,00,00,000 हे आकडे बाजूच्या मजकुरापेक्षा किंचित जाड होते. दोन ओळी खाली अक्षरी रकमेत मात्र ‘टेन लाख ओन्ली’ तसंच राहिलं होतं. कोपऱ्यातला क्यूआर कोड स्कॅन केला तर खरी पॉलिसी उघडली. 47,200 रुपये त्याने खिशात घातले होते.

पैसे गेले याचा राग आहेच. पण माझा जीव घाबरला तो ‘रेट्रोॲक्टिव्ह डेट’ पाहून. हा विमा ‘क्लेम्स मेड’ पद्धतीचा असतो. म्हणजे दावा पॉलिसी चालू असताना यावा लागतो, आणि ज्या कामावरून तो आला ते काम या तारखेनंतरचं असावं लागतं. माझ्या पॉलिसीत ही तारीख पॉलिसी सुरू झाली तोच दिवस होती. त्याआधी लिहिलेल्या एकाही ओळीला संरक्षण नव्हतं. पेमेंट गेटवेचं जे काम आजही क्लायंटकडे रोज चालतं, त्यावर दावा आला असता तर माझं राहतं घर पणाला लागलं असतं. माणसाला इतक्या शांतपणे त्या खाईत ढकलणाऱ्याला मी माफ करू शकत नाही.

कायदा इथे अगदी सरळ आहे. एजंटने प्रीमियम घेतला तर सुट्ट्या सोडून 24 तासांत, कमिशन न कापता, कंपनीकडे भरायचा किंवा पाठवायचा, असं विमा कायद्याचं कलम 64 व्हीबी सांगतं. तरी पैसे थेट कंपनीच्याच नावे भरा. प्रपोजल फॉर्मवर स्वतःचाच ईमेल आणि मोबाइल आहे ना, ते बघा. पॉलिसीची मूळ फाइल कंपनीकडूनच घ्या. आणि जीएसटी नंबर असेल तर 2बी मधला कराचा आकडा पावतीशी ताडून पाहा. तिथली नोंद कंपनीच्या स्वतःच्या रिटर्नमधून येते, एजंटला ती बदलता येत नाही.

क्लायंटला मी सगळं खरं सांगितलं, त्यांनी मुदत दिली. नवी पॉलिसी थेट कंपनीकडून घेतली. जुन्या करारांच्या प्रती आणि ‘आजवर कोणताही दावा माहीत नाही’ असं लेखी दिल्यावर, जास्तीचा प्रीमियम घेऊन त्यांनी मागची तारीख मान्य केली. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर आणि पोलिसांत तक्रार दिली आहे.

त्रिमूर्तीनगरच्या एका मित्राकडेही त्याच एजंटने दिलेली अशीच प्रिंट निघाली आहे. आणखी कोणाकडे असेल तर आधी कंपनीला फोन करून खात्री करा आणि मला कळवा. पोलीस स्टेशनला मी सोबत येईन.