१२ आकडी कॅल्क्युलेटर घेतलात तर एकदा बारा वेळा ९ दाबून बघाच

दुकानाच्या हिशोबासाठी घेतला, साडेचारशेला पडला, सोलर आणि सेल दोन्हीवर चालतो. बटणं मोठी आहेत, ०० चं वेगळं बटण आहे, जीएसटीचे टक्के पटकन निघतात. एवढं सगळ्याच मॉडेलमध्ये असतं.

पण रविवारी सातवीतल्या लेकीने स्क्रीन भरेपर्यंत ९ दाबले, ९९९९९९९९९९९९, म्हणजे एक लाख कोटीला फक्त एक कमी, आणि विचारलं बाबा याला कशाकशाने भाग जातो? बसलो दोघं. २७ ने भागलं, ३७०३७०३७०३७, पॉइंट नाही काही नाही. त्याला ७ ने, ५२९१००५२९१. मग ११ ने ४८१०००४८१, १३ ने ३७००००३७, इथे ती ओरडलीच कारण दोन्ही टोकांना ३७ दिसतायत, म्हणजे आता ३७ नेच जाणार! आलं १०००००१. त्याला १०१ ने भागलं तर ९९०१ उरले आणि ही मूळ संख्या, इथे गाडी थांबली. एवढा अवाढव्य आकडा आणि सगळे अवयव इतके छोटे, मला खरंच भरून आलं.

नुसत्या ७ ने भागलं तर १४२८५७१४२८५७ येतं, १४२८५७ दोनदा. याला २ ते ६ ने गुणा, तेच आकडे फिरून फिरून येतात. आणि याचा वर्ग २०४०८१२२४४९, तो तोडून २०४०८ + १२२४४९ केलं की परत १४२८५७! अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात, आपल्या देवळालीच्या शाळेतले द. रा. कापरेकर मास्तर. हा वर्ग ११ आकडी आहे, माझ्या जुन्या ८ आकडीवर नुसतं एरर यायचं, म्हणून म्हणतो घ्यायचा तर १२ चाच घ्या.

एक कमी सांगतो, १ भागिले ७ करून परत ७ ने गुणलं तर १ येत नाही, ०.९९९९९९९९९९५ येतं, मागचे आकडे कापले जातात. पैशाच्या हिशोबात आधी गुणाकार, मग भागाकार करा.

१७ ने मात्र बारा नवांना भाग जात नाही, त्याला १६ नऊ लागतात, ते स्क्रीनवर मावत नाहीत. मग लेकीने वही काढली आणि हातानेच केलं, ५८८२३५२९४११७६४७, बाकी शून्य.